वेबसाइटची दुरुस्ती सांगताना नमुना दाखवा

दुकानाची पाटी रंगवायची असली तर आपण पेंटरच्या शेजारी उभे राहून बोटाने दाखवतो. वेबसाइट करणारा मात्र दूर शहरात असतो. तेथे आपले बोट पोहोचत नाही, नुसते शब्द पोहोचतात आणि घोटाळा होतो.

माझाच अनुभव सांगतो. आमच्या जळकोटच्या दुकानाच्या वेबसाइटवर सोलापुरी चादरी विकायला ठेवल्या आहेत. सिंगल चादरीचा भाव कमी करायचा होता, म्हणून मी "सर्वांत वरच्या चादरीचा भाव कमी करा" असा निरोप पाठवला. माझ्या मोबाइलवर सर्वांत वर सिंगल चादर होती. त्याच्या संगणकाच्या रुंद पडद्यावर मांडणी वेगळी असल्यामुळे वर डबल चादर होती. त्याने डबलचा भाव उतरवला. दोन दिवसांत आलेल्या ऑर्डरी तोटा सोसून पुऱ्या केल्या, कारण लिहिलेला भाव हा आपला शब्दच असतो. चूक त्याची नव्हती, माझ्या सांगण्याची होती.

खरे तर ही विद्या आपल्या धंद्यात जुनीच आहे. सोलापूरची जॅकार्ड चादर विणण्यापूर्वी नक्षी चौकटीच्या कागदावर काढतात व त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात. नक्षी बदलायची तर "फूल जरा मोठे करा" एवढे सांगून भागत नाही, नेमक्या चौकटी दाखवाव्या लागतात. वेबसाइटसाठी हेच काम स्क्रीनशॉट, म्हणजे पडद्याचे जसेच्या तसे चित्र, करतो.

बहुतेक अँड्रॉइड मोबाइलवर पॉवरचे व आवाज कमी करण्याचे बटण एकदम दाबले की स्क्रीनशॉट निघतो. विंडोज संगणकावर विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणे एकत्र दाबून हवा तेवढा भाग निवडता येतो. मग त्या चित्रावर चुकीच्या जागी लाल गोल करा. दुरुस्त्या अनेक असतील तर १, २, ३ असे आकडे घाला.

चित्राबरोबर चार गोष्टी लिहून पाठवा: त्या पानाचा पूर्ण पत्ता, पाहिले ते मोबाइलवर की संगणकावर, आता काय आहे आणि त्याजागी काय हवे. नवा भाव किंवा मजकूर टाइप करूनच द्या. चित्रातली अक्षरे पाहून पुन्हा टाइप करताना चुका होतात. "रंग चांगला नाही" असे मोघम लिहू नका. "फिकट पिवळी अक्षरे वाचता येत नाहीत, काळी करा" असे लिहा.

व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर त्याचा दर्जा उतरतो व बारीक अक्षरे पुसट होतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पाठवण्यापूर्वी चित्रात गिऱ्हाइकाचा फोन नंबर, बँकेचा हिशेब किंवा ओटीपी दिसत नाही ना, हे पाहा. दिसत असल्यास तो भाग कापून टाका.

काम झाल्यावर मोबाइल व संगणक दोन्हींवर तपासा आणि नवा स्क्रीनशॉट काढा. आधीचे व नंतरचे चित्र तारखेसह जपून ठेवले, तर बिलाच्या वेळी "हे सांगितलेच नव्हते" असा वाद उरत नाही.