पानामागे एक पेनी

सहा वर्षांच्या मुलाकडे नुसतं बघून तो पुढे कोण होणार हे कुणाला सांगता येईल का? तुम्ही म्हणाल, छे! आई-बाबांनाच सांगता येत नाही, तिथं दुसऱ्या कुणाला काय येणार! पण इंग्लंडमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांना आपल्याला हे जमतं असं अगदी ठाम वाटायचं. सहाव्या वर्षी मूल कसं लिहितं-वाचतं ते पाहून त्यांनी वर्गाचे सरळ दोन भाग केले. एक भाग पुढे शिकणाऱ्या मुलांचा आणि दुसरा ‘यांचं काही खरं नाही’ असं म्हणायच्या मुलांचा. या दुसऱ्या भागात टेरी नावाचा एक मुलगा होता.

पुढे याच टेरीच्या पुस्तकांच्या आठ कोटींहून जास्त प्रती खपल्या. राणीनं त्याला ‘सर’ हा किताब दिला. आकाशातल्या एका लघुग्रहालाही त्याचं नाव मिळालं! अद्भुत कथा आणि विज्ञानकथा लिहिणारा हा लेखक म्हणजे टेरी प्रॅचेट.

टेरीचा जन्म २८ एप्रिल १९४८ चा. गाव बीकन्सफील्ड, लंडनपासून फार लांब नाही. वडील मोटारी दुरुस्त करायचे, आई ऑफिसात नोकरी करायची. शाळेनं मुलाला ‘ढ’ ठरवलं तेव्हा आई रडत बसली नाही की टेरीला बदडलंही नाही. तिनं एक सौदा केला. नीट वाचलेल्या प्रत्येक पानामागे एक पेनी! पेनी म्हणजे तिथला अगदी छोटा पैसा. बघा, लाच म्हणायची तर ही लाचच. पण इतकी स्वस्त आणि इतकी फळलेली लाच मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

तरी गोडी लागायला वेळ लागलाच. टेरी दहा वर्षांचा झाला आणि कुणीतरी त्याला ‘द विंड इन द विलोज’ हे पुस्तक दिलं. छछुंदर, उंदीर आणि बेडूक यांची गोष्ट. लंडनहून मोटारीनं घरी परतताना अंधार पडला, तर हा पठ्ठ्या मागच्या सीटवर बसून रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात वाचतोय! दिवा आला की दोन ओळी, दिवा गेला की थांबायचं. त्या दिवसापासून आईला पेनी द्यावी लागली नाही.

मग त्यानं गाठलं बीकन्सफील्डचं सार्वजनिक वाचनालय. एकदा आत शिरला तो बाहेर येईचना. शनिवारी तिथं फुकट कामही करू लागला. पुस्तकं लावायची, कार्डं लिहायची आणि मोबदला म्हणून हवी तितकी पुस्तकं घरी न्यायची. कोणतं पुस्तक लहानांचं, कोणतं मोठ्यांचं, असला भेद नाही. इतिहास, दंतकथा, विनोदी मासिकांचे जुने बांधीव खंड, अंतराळाच्या गोष्टी, सगळं पोटात. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही ‘तुमचं शिक्षण कुठं झालं?’ असं कुणी विचारलं की ते याच वाचनालयाचं नाव घ्यायचे.

आणखी एक वेड होतं, आकाशाचं. त्या काळी ब्रुक बाँड चहाच्या पाकिटातून चित्रांची कार्डं मिळायची. त्यातला एक संच अंतराळाचा होता. तो पुरा करण्यासाठी घरात किती चहा ढोसला गेला असेल कोण जाणे! टेरीला खगोलशास्त्रज्ञ व्हायचं होतं, पण गणित आडवं आलं. (आपल्यापैकी बऱ्याच जणांचं असंच होतं, नाही का?) मग विज्ञानाच्या दारातून नाही, तर गोष्टीच्या खिडकीतून त्यानं अंतराळात उडी मारली.

आणि हो, मुख्याध्यापकांच्या भविष्याचं काय झालं? अकराव्या वर्षी तिकडे एक मोठी परीक्षा असायची. चांगल्या शाळेत प्रवेश मिळणार की नाही ते तीवर ठरायचं. ज्याचं ‘काही खरं नव्हतं’ तो टेरी ती परीक्षा सरळ पास झाला.

चौदा पौंडांची गोष्ट

तेरा वर्षांचा असताना त्यानं एक गोष्ट लिहिली. नरकात म्हणे कुणी येईनासं झालंय, धंदा बसलाय, म्हणून सैतान एका जाहिरातवाल्याला कामावर ठेवतो! ती आधी शाळेच्या मासिकात आली आणि १९६३ साली विकत मिळणाऱ्या एका खऱ्याखुऱ्या मासिकात छापून आली. मानधन चौदा पौंड. एवढे पैसे त्यानं कधी पाहिले नव्हते. त्यातून त्यानं काय घेतलं असेल? सायकल? नाही, जुना टाइपरायटर!

१९६५ साली, सतराव्या वर्षी, शिक्षण अर्ध्यावर सोडून टेरी ‘बक्स फ्री प्रेस’ या स्थानिक वर्तमानपत्रात बातमीदार झाला. (आता नोकरी लागली, तेव्हा आपणही त्यांना ‘अहो-जाहो’ करू या.) सभा, कोर्ट, अपघात, फुलांची प्रदर्शनं, मिळेल ते लिहायचं आणि वेळेत द्यायचं. अंक छापायला जायची वेळ झाली की ‘आज मूड नाही’ हे कोण ऐकणार? शिवाय मुलांच्या कोपऱ्यात ‘अंकल जिम’ या नावानं गोष्टी लिहायच्या. अशा ऐंशीहून जास्त गोष्टी त्यांनी लिहिल्या.

त्यातल्याच एका कल्पनेतून पहिली कादंबरी आली, ‘द कार्पेट पीपल’, १९७१ साली. घरातल्या गालिच्याच्या धाग्यांच्या जंगलात राहणारी इवलीइवली माणसं! त्यांना जमिनीवर पडलेला साखरेचा दाणा म्हणजे डोंगर. चित्रंही टेरींनी स्वतःच काढली होती. प्रकाशन समारंभ कुठं झाला माहीत आहे? लंडनच्या हील्स नावाच्या दुकानात, गालिचे विकायच्या विभागात!

पुढे वीस वर्षांनी वाचकांनी ते पुस्तक पुन्हा मागितलं. टेरींनी ते काढून वाचलं आणि कपाळाला हात लावला. पोरवयात लिहिलेलं ते! मग त्यांनी ते नव्यानं लिहिलं आणि हे दोघांनी मिळून लिहिलेलं पुस्तक आहे असं गमतीनं सांगितलं. त्या दोघांतला एक लेखक सतरा वर्षांचा, दुसरा त्रेचाळीसचा आणि दोघांचं नाव टेरी प्रॅचेट.

कासवाच्या पाठीवर

पुस्तकं निघत होती, पण पोट त्यावर भरत नव्हतं. आता टेरी वीज मंडळाच्या कचेरीत होते. अणुवीज केंद्रांबद्दल वर्तमानपत्रांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचं काम. १९७९ साली अमेरिकेत थ्री माईल आयलंड इथं अणुभट्टीचा मोठा अपघात झाला होता आणि जो तो घाबरलेला. अशा वेळी ‘काळजी करू नका’ म्हणायची नोकरी! दिवसभर ती करायची आणि रात्री घरी येऊन लिहायचं. रोज चारशे शब्द. तुमच्या वहीची जेमतेम दोन पानं होतील. पण रोज.

त्या दोन-दोन पानांतून १९८३ साली ‘द कलर ऑफ मॅजिक’ हे पुस्तक झालं. इंग्लंडात पहिल्यांदा निघाल्या अवघ्या ५०६ प्रती! या पुस्तकातलं जग आपल्यासारखं गोल नाही, ताटासारखं चपटं आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर टेकलेलं आहे आणि ते हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर उभे आहेत. कासव आपलं अंतराळातून शांतपणे पोहत चाललंय.

काय, ओळखीचं वाटलं ना? आपल्या जुन्या कथांत आठ दिशांचे आठ दिग्गज पृथ्वी तोलून धरतात. समुद्रमंथनाच्या वेळी विष्णूनं कासव होऊन पर्वत पाठीवर घेतला. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला आपण रोज नमस्कार करतो. जगभरच्या अशा पुराणकथा टेरींनी वाचनालयात वाचल्या होत्या. त्यांनी फक्त विचारलं, समजा हे खरंच असेल तर? अशा जगात पोलीस कसे असतील? पोस्ट कसं चालेल? वर्तमानपत्र कोण काढेल?

या ‘डिस्कवर्ल्ड’च्या एकूण ४१ कादंबऱ्या झाल्या. तिथल्या जादूच्या विद्यापीठात एक ग्रंथपाल आहे. एका जादूच्या घोटाळ्यात तो ओरांगउटान झाला. पुन्हा माणूस करतो म्हटलं तर नको म्हणतो, कारण लांब हातांनी वरच्या फळीवरची पुस्तकं छान काढता येतात! बोलतो फक्त ‘ऊक’ एवढंच. पण त्याला माकड म्हणून बघा, मग तुमची धडगत नाही. ही नुसती गंमत नव्हती बरं का. खऱ्या ओरांगउटानांची जंगलं तोडली जात होती, म्हणून टेरी बोर्निओला गेले, त्यांच्यावर फिल्म केली आणि त्यांना वाचवणाऱ्या संस्थेला हात दिला.

साक्षात मृत्यूसुद्धा तिथलं एक पात्र आहे. हातात कोयता, अंगावर काळा झगा आणि घोड्याचं नाव काय, तर बिंकी! त्याला मांजरं फार आवडतात. इंग्रजीत त्याचं बोलणं सगळं कॅपिटल अक्षरांत छापलेलं असतं, म्हणजे वाचतानाच आवाज घुमतो. आता आपल्या देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत! मराठीत मृत्यूचा तो आवाज कसा छापायचा? सुचलं तर जरूर कळवा.

हसवता हसवता टेरी मध्येच असं काही सांगून जातात की आई-बाबांनीही पुस्तक खाली ठेवून विचार करावा. ‘मेन ॲट आर्म्स’ या १९९३ च्या कादंबरीत व्हाइम्स नावाचा एक गरीब पोलीस कप्तान आहे. तो म्हणतो, श्रीमंत माणूस पन्नास डॉलरचे बूट घेतो, ते दहा वर्षं टिकतात. गरिबाला दहा डॉलरचेच परवडतात आणि एखाद-दोन पावसाळ्यांत ते फाटतात. म्हणजे दहा वर्षांत त्याचे शंभर डॉलर जातात आणि पाय ओले ते ओलेच. गरिबीच महाग पडते! २०२२ साली इंग्लंडात गरिबांच्या वस्तूंची भाववाढ मोजायला काहींनी एक नवा निर्देशांक काढायचं ठरवलं, तेव्हा त्याला नाव दिलं याच बुटांचं.

१९८७ साली टेरींनी नोकरी सोडली. मग वर्षाला दोन-दोन पुस्तकं. मुलांसाठी लिहिलेल्या ‘द अमेझिंग मॉरिस’ला कार्नेगी पदक मिळालं, इंग्लंडमधला बालसाहित्याचा मोठा मान. त्यात एक बोलकं मांजर आणि शहाणे झालेले उंदीर मिळून गावोगावच्या लोकांना टोप्या घालतात.

अक्षरं हरवली तेव्हा

२००७ साली, एकोणसाठाव्या वर्षी, टेरी टाइप करताना चुकायला लागले. बटणं समोर आहेत, डोळे धड आहेत, पण हवं ते बटण सापडत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, अल्झायमरचा एक दुर्मिळ प्रकार आहे. यात मेंदूचा मागचा भाग हळूहळू निकामी होतो. डोळे बघतात, पण बघितलेल्याचा अर्थ मेंदूला लागत नाही. जो मुलगा उशिरा अक्षरं शिकला, त्याच्या हातातून आता ती निसटू लागली.

ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. लोक या आजाराबद्दल कुजबुजत बोलत, हे मोठ्यांदा बोलले. संशोधनासाठी दहा लाख डॉलर दिले, टीव्हीवर येऊन चाचण्यांत आपली कशी फजिती होते ते दाखवलं. साधे आकार बघून काढणंही जमत नव्हतं, पण बोलणं अजून झकास होतं. मग काय, बोलून लिहायचं! कधी त्यांचे मदतनीस रॉब विल्किन्स लिहून घेत, कधी बोललेलं टाइप करणारा संगणक. अशी आणखी पुस्तकं झाली. २००८ साली ‘नेशन’ आलं. समुद्राच्या लाटेत सारी वस्ती वाहून गेल्यावर बेटावर एकटाच उरलेल्या मुलाची ही गोष्ट. माझं विचाराल तर, डिस्कवर्ल्डबाहेरचं त्यांचं सगळ्यात चांगलं पुस्तक.

२००९ मध्ये ते ‘सर’ झाले. सरदाराकडे तलवार नको का? मग घराजवळच्या शेतातून लोहखनिज गोळा केलं, भट्टी लावली, त्यात उल्केचे थोडे तुकडे टाकले आणि स्वतःची तलवार घडवली! चहाच्या पाकिटातली अंतराळाची कार्डं जमवणारा मुलगा अजून आत होताच.

१२ मार्च २०१५ रोजी सर टेरी गेले. वय ६६. त्यांची एक विचित्र इच्छा होती. अर्धवट राहिलेलं लेखन दुसऱ्या कुणी पुरं करू नये, ते रोडरोलरखाली चिरडावं. २५ ऑगस्ट २०१७ ला डॉर्सेटच्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत विल्किन्सनी त्यांची हार्ड डिस्क खरंच वाफेच्या रोलरखाली ठेवली. रोलर तिच्यावरून पुनःपुन्हा गेला, तरी ती पुरती फुटेना! शेवटी दगड फोडायच्या यंत्रात घातली. तिचे अवशेष सॉल्सबरीच्या संग्रहालयात लोकांनी रांगा लावून पाहिले.

आता नवीन काही मिळणार नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पण वाचक मोठे चिकट! ब्रिटिश लायब्ररीत जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगात काहींनी शोध घेतला, तेव्हा टेरींनी तरुणपणी टोपणनावानं लिहिलेल्या गोष्टी हाती लागल्या. अशा वीस गोष्टींचं पुस्तक २०२३ मध्ये निघालं. इतकी वर्षं त्या कुणाला सापडल्या नाहीत, कारण त्यांवर नाव होतं पॅट्रिक कर्न्स. कर्न्स हे टेरींच्या आईचं माहेरचं आडनाव.