नळी मोडून भरायची एअर रायफल निवडताना

स्प्रिंगच्या एअर रायफलीत दारू नसते, काडतूस नसते आणि भरून ठेवलेल्या हवेची टाकीही नसते. तिच्या पोटात एक पोलादी नळकांडे असते. त्यात मागेपुढे सरकणारा दट्ट्या आणि त्यामागे जाड तारेची स्प्रिंग असते. रायफलीची नळी मागच्या टोकाशी बिजागरीवर बसवलेली असते. तोंडाकडून धरून ती खाली मोडली की तीच तरफेचे काम करते. नळीला जोडलेली पट्टी दट्ट्याला मागे रेटते, स्प्रिंग दबते आणि चापाच्या अडणीत अडकून राहते. उघड्या पडलेल्या मागच्या तोंडात अंगठ्याने छर्रा बसवायचा आणि नळी पुन्हा सरळ करायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो, समोरची हवा क्षणात दबून तापते आणि बारीक भोकातून नळीत शिरून छऱ्याला ढकलते. एका मोडणीत एक गोळी, एवढाच तिचा हिशेब. पंप, सिलिंडर किंवा वीज यांपैकी काहीच लागत नसल्याने नेमबाजी शिकणाऱ्यांच्या हाती बहुधा हीच रायफल पहिल्यांदा येते.

रचना सोपी असली तरी ही रायफल चालवायला सोपी नाही. दट्ट्या पुढे निघतो तेव्हा त्याच्या प्रतिक्रियेने सगळी बंदूक मागे सरकते, आणि दट्ट्या हवेच्या उशीवर जाऊन थांबतो तेव्हा तीच बंदूक पुढे झटका खाते. हे दोन्ही धक्के छर्रा नळीतून बाहेर पडण्याच्या आतबाहेर घडतात. शिवाय चाप सुटल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंत काडतुसाच्या रायफलीपेक्षा कित्येक पट जास्त वेळ जातो. तेवढ्या वेळात बंदूक जशी हलेल तसा छर्रा जातो. म्हणून स्प्रिंगची रायफल आवळून धरली, कठीण टेबलावर टेकवली किंवा दर वेळी वेगळ्या जागी पेलली की नेम पसरतो. पुढचा हात मोकळा ठेवायचा, दस्ता तळव्यावर नुसता विसावू द्यायचा आणि धक्का दर वेळी सारखाच होऊ द्यायचा, ही तिची रीत. चांगली आणि सुमार रायफल यांतला फरक मुख्यतः इथेच दिसतो. हातातल्या बारीकसारीक फरकांनी जी कमी बिघडते ती चांगली. निवडीच्या बाकी सगळ्या कसोट्या याच एका गोष्टीकडे येतात.

बाजारात मात्र सगळ्यात आधी वेगाचा आकडा दाखवला जातो. डब्यावर सेकंदाला बाराशे फूट, साडेबाराशे फूट असे ठळक छापलेले असते. हा आकडा बहुधा अतिशय हलक्या मिश्रधातूच्या छऱ्याने मिळवलेला असतो. सेकंदाला बाराशे फूट म्हणजे सुमारे ३६६ मीटर, आणि हवेत आवाजाचा वेग सुमारे ३४० मीटर. कमरेत बारीक असलेला डायबोलो छर्रा आवाजाच्या वेगाच्या आसपास गेला की डगमगू लागतो आणि ठिकाणावर पडत नाही. नेमबाजीला उपयोगी वेग त्याच्या बराच खाली असतो. दहा मीटरवर कागदी लक्ष्य भेदायला सेकंदाला १७० ते १८० मीटर वेग पुरतो.

वेगापेक्षा ऊर्जा पाहणे जास्त उपयोगाचे, आणि कायदाही ऊर्जाच पाहतो. अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला २०० मीटरने निघाला तर त्याची ऊर्जा १० ज्यूल होते, २८० मीटरने निघाला तर जवळजवळ २० ज्यूल. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनी ही रेषा आखून दिली आहे. ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागतो. त्या मर्यादेतली रायफल परवान्याविना घेता येते, पण विक्रेता ओळखीचा व पत्त्याचा पुरावा घेतो आणि तो द्यावा. ब्रिटनमध्ये परवान्याविना मिळणाऱ्या रायफलीची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूल आहे. स्कॉटलंडमध्ये तर २०१६ च्या अखेरीपासून त्यालाही परवाना लागतो. जर्मनीत साडेसात ज्यूलपर्यंतच्या बंदुकीवर पंचकोनात ‘एफ’ अक्षर कोरलेले असते. या मर्यादांमध्येच जगातल्या उत्तम स्प्रिंग रायफली घडल्या. नेमबाजीला प्रचंड जोर लागत नाही, याचा याहून चांगला पुरावा नको.

त्यामुळे भारतातल्या खेळाडूपुढे ४.५ की ५.५ मिलिमीटर हा प्रश्न फारसा उरत नाही. परदेशात ५.५ चा छर्रा छोट्या शिकारीसाठी पसंत करतात. आपल्याकडे वन्य पक्षी-प्राण्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. झाडावरच्या पाखरावर छर्रा झाडणे हा खेळ नाही, गुन्हा आहे, आणि तसा विचार मनात असेल त्याने ही रायफल घेऊच नये. कागद, टांगलेल्या पत्र्याच्या चकत्या आणि रिकामे डबे यांसाठी ४.५ मिलिमीटरच योग्य. ऑलिंपिकची दहा मीटर स्पर्धाही याच मापावर होते.

आता बिजागरी. मोडणाऱ्या नळीवर एक जुना आक्षेप आहे: जी नळी दर गोळीला मोडते ती दर वेळी नेमक्या त्याच जागी परत कशी बसणार? आक्षेप खोटा नाही. म्हणूनच शेतात मांडलेल्या लहान लक्ष्यांवर नेम धरण्याच्या ब्रिटिश ‘फिल्ड टार्गेट’ स्पर्धांतले स्प्रिंगवाले नेमबाज बहुतेक करून स्थिर नळीच्या, खालच्या दांड्याने ताणायच्या रायफली वापरतात. पण चांगल्या कारखान्याने नीट केलेली बिजागरी वर्षानुवर्षे जागा सोडत नाही. नळीला बंद ठेवणारा खटका पाचरीच्या आकाराचा आहे की स्प्रिंगवर बसवलेली गोळी आहे, हे पाहावे. दोन्ही पद्धती चालतात, मात्र पकड घट्ट हवी. बिजागरीत घट्ट करता येणारा बोल्ट आहे की नुसती ठोकलेली पिन आहे, हेही विचारावे. बोल्ट असेल तर काही वर्षांनी आलेला सैलपणा काढता येतो. पिन असेल तर तो पत्करावा लागतो. दुकानात नळी बंद करून तोंडाकडून डावीउजवीकडे हलवावी. किंचितही खडखड जाणवली तर ती रायफल परत ठेवावी. नळीच्या मागच्या तोंडाशी रबरी सील असते. त्या सांध्याभोवती टिश्यू पेपरची पट्टी ठेवून गोळी झाडली आणि कागद फडफडला, तर हवा गळते आहे असे समजावे.

चाप हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि अनेकांच्या पैशांची माती इथेच होते. स्वस्त रायफलीचा चाप ओढताना जड लागतो, अडखळतो आणि कधी सुटेल याचा अंदाज येत नाही. जर्मनीच्या वायराउख कारखान्याने १९५० च्या दशकात काढलेला ‘रेकॉर्ड’ चाप आजही या कामाचा नमुना मानला जातो. तो दोन टप्प्यांचा आहे. पहिल्या टप्प्यात बोट मोकळे सरकते, मग एक ठाम अडसर लागतो आणि तिथून थोड्याशा दाबाने गोळी सुटते. त्याचे वजनही कमीजास्त करता येते. अडसर स्पष्ट असला की नेमबाज श्वास रोखून नेमक्या क्षणी बोट दाबू शकतो. दोन रायफलींपैकी एकीचा जोर जास्त आणि दुसरीचा चाप चांगला असेल, तर दुसरी घ्यावी. सराव वाढेल तसा हा निर्णय बरोबर ठरत जातो.

अलीकडे तारेच्या स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूचे नळकांडे असलेल्या रायफली बऱ्याच निघाल्या आहेत. त्यांत तारेचा थरथराट नसतो आणि ताणून ठेवल्याने स्प्रिंग दमण्याचा प्रश्न नसतो. पण त्यांची ताणणी बहुधा जड आणि धक्का तीक्ष्ण असतो. वायू गळला तर घरी काही करता येत नाही. तारेची स्प्रिंग मात्र कुशल कारागीर अर्ध्या तासात बदलून देतो. नवशिक्यासाठी हलकी तारेची स्प्रिंग अजूनही सोयीची.

वजन आणि ताणणी या गोष्टी अंगापिंडाप्रमाणे ठरतात. वायराउखच्या एचडब्ल्यू ३० सारखी छोटी रायफल अडीच किलोच्या आसपास भरते. मोडायला ती इतकी हलकी आहे की चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी तासभर सराव करू शकते. एचडब्ल्यू ८० चार किलोच्या घरातली. तिचा धक्का वजनाने दबतो, पण चाळीस-पन्नास गोळ्यांनंतर खांदे बोलू लागतात. डायनाची ३४ ही या दोघींच्या मधली, आणि एकोणीसशे ऐंशीच्या दशकापासून ती टिकून आहे ती उगीच नाही. सरावाला रोज शंभर गोळ्या लागतात. शंभर वेळा मोडताना जी रायफल थकवते, ती शेवटच्या तीस गोळ्या वाया घालवते.

महाराष्ट्राचा या शस्त्राशी जुना संबंध आहे. वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये मुंबईत स्थापलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने सिमेंटच्या पाइपांबरोबर एअर रायफलीही बनवल्या. जर्मन डायना ३५ च्या धर्तीची ही ‘आयएचपी’ रायफल देशभरच्या नेमबाजांच्या पिढ्यांनी वापरली. अलीकडे ठाणे जिल्ह्यातली प्रेसिहोल ही नळ्यांचे खोल भोक पाडण्याच्या यंत्रांतून आलेली कंपनी मोडत्या नळीच्या रायफली बनवते. देशी रायफलीचा मोठा फायदा म्हणजे सुटे भाग आणि दुरुस्ती. आयात रायफल घेताना सील आणि स्प्रिंग इथे मिळतात का, हे आधी विचारावे.

दुर्बीण लगेच घेण्याची घाई करू नये. राज्य पातळीवरच्या स्पर्धांत उघड्या साईटचा वेगळा गट असतो आणि नेमाची शिस्तही मागची खाच व पुढची माशी जुळवतानाच लागते. साध्या दुर्बिणी या रायफलीवर टिकतही नाहीत, कारण काडतुसाच्या बंदुकीचा धक्का फक्त मागे असतो आणि त्यांची भिंगे तेवढ्याच हिशेबाने बसवलेली असतात. पुढचा झटका त्यांना मोडतो. घ्यायचीच तर स्प्रिंग एअर रायफलीसाठी बनवलेली, दहा मीटरवर स्पष्ट दिसणारी आणि एकसंध पकडीवर बसणारी घ्यावी.

छर्रा हा रायफलीचाच भाग समजावा. कागदासाठी सपाट डोक्याचा छर्रा चांगला, कारण तो स्वच्छ गोल भोक पाडतो आणि गुण मोजताना वाद होत नाही. ऑलिंपिकच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर आहे, यावरून ते भोक किती महत्त्वाचे हे लक्षात यावे. लांबच्या लक्ष्यासाठी गोल डोक्याचा छर्रा घ्यावा. एकाच कारखान्याच्या दोन रायफलीही वेगवेगळ्या छऱ्यांना पसंती देतात. चार-पाच प्रकारांचे छोटे डबे आणून प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या झाडाव्यात आणि भोके सर्वांत जवळ पडतील तो प्रकार पक्का करावा.

सुरक्षेच्या काही गोष्टींना पर्याय नाही. मोडलेल्या रायफलीत छर्रा घालताना एका हाताने नळी घट्ट धरून ठेवावी. अडण सुटली तर नळी झटक्याने मिटते आणि बोट चेचते. नळी उघडी असताना चाप कधीही ओढू नये, त्याने नळी वाकते आणि दस्ता तडकतो. छर्रा न घालता गोळी झाडू नये, कारण हवेची उशी नसलेला दट्ट्या थेट भिंतीवर आदळतो. छर्रा काही शे मीटर जातो आणि कठीण पृष्ठभागावरून उलटतो. म्हणून लक्ष्यामागे जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांनी भरलेली जाड पेटी असावी आणि डोळ्यांवर चष्मा. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात धुवावेत.

कोकणच्या पावसाळ्यात लोखंड चार दिवसांत तांबूस होते, तेव्हा प्रत्येक वापरानंतर बाहेरून तेलाचा हलका हात फिरवावा. आतल्या नळकांड्यात मात्र खनिज तेल ओतू नये. दबलेल्या गरम हवेत ते पेट घेते, धूर येतो आणि सील जळते. जुन्या रायफलींतल्या चामडी सीलला अधूनमधून योग्य तेलाचे दोन थेंब लागतात, नव्या कृत्रिम सीलला तेवढेही नाही. ताणलेली रायफल ठेवून देऊ नये. नीट वापरलेल्या रायफलीची स्प्रिंग आणि सील काही हजार गोळ्यांनंतर बदलावी लागतात, पण मऊ शिशाच्या छऱ्यांनी पोलादी नळी झिजत नाही आणि ती बहुधा पुढच्या पिढीच्याही कामी येते.