वॉशिंग मशीन बंद पडले तर? आधी प्लग, मग हात



गेल्या श्रावणातील एका रविवारी आमच्या घरचे वॉशिंग मशीन मध्येच थांबले. आत पाणी तुंबलेले, कपडे भिजलेले, आणि मेकॅनिक म्हणाला, बुधवारच्या आधी जमणार नाही. आम्ही बाह्या सारल्या आणि खालचे झाकण उघडायला हात घातला. इतक्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, आधी प्लग तरी काढा!"

प्लग काढला आणि तो पाहून आम्ही ओशाळलो. तीन पिनांपैकी जाड पिन त्यात नव्हतीच. जुन्या बोर्डात बसत नाही म्हणून कधीतरी कोणी ती काढून टाकली होती. आमची आई दोन महिने सांगत होती, "मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात." हात ओले असतील, असे म्हणून आम्ही ते उडवून लावले होते. शाळेत दहावीला दरवर्षी अर्थिंगचा धडा शिकवला जातो आणि मुख्याध्यापकांच्याच घरी ही गत! म्हणून हा लेखप्रपंच.

ती जाड पिन कशासाठी?

मशीनच्या आतील तारेचे आवरण झिजले तर वीज पत्र्याच्या अंगावर उतरू शकते. अर्थिंग ठीक असेल तर ती हिरव्या तारेने जमिनीत जाते. प्रवाह मोठा असेल तर फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते. अर्थिंग नसेल तर पत्रा तसाच 'जिवंत' राहतो आणि हात लावणाऱ्याच्या शरीरातून वीज वाट काढते. ओल्या त्वचेचा रोध कमी असतो, त्यामुळे मोरीत आणि न्हाणीघरात धोका अधिक. अर्थची पिन लांब असते, कारण प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. जाड असते, कारण ती चुकूनही दुसऱ्या छिद्रात जाऊ नये.

हात लावण्यापूर्वी

१. बटन बंद करून, कोरड्या हाताने प्लग काढावा. नुसते मशीनचे बटन बंद करणे पुरेसे नाही. बोर्ड किंवा प्लगच ओला असेल तर त्याला न शिवता मेन स्विच बंद करावा.
२. पाण्याचा नळ बंद करावा. जमीन पुसून कोरडी करावी, पायात रबरी चप्पल असावी.
३. गरम पाण्याने धुणे चालू असेल तर पाणी निवेपर्यंत थांबावे.
४. लहान मुलांना दूर ठेवावे. विद्यार्थ्यांनी हे काम एकट्याने मुळीच करू नये.

घरी काय तपासता येते?

*मशीन सुरूच होत नाही.* बोर्डात वीज आहे का, एमसीबी पडली आहे का, दार नीट लागले आहे का, हे पाहावे. एमसीबी एकदा वर करून पुन्हा पडली तर वारंवार वर करू नये. ती काही सांगत आहे, ते ऐकावे.

*पाणी आत येत नाही.* नळाचा पाइप मशीनला मागे जिथे जोडतो तिथे एक छोटी जाळी असते. आपल्या इंदुरात अनेक घरी बोरिंगचे पाणी आहे. त्याचा क्षार आणि टाकीतला गाळ या जाळीत साचतो. जाळी काढून जुन्या टूथब्रशने धुवावी.

*पाणी बाहेर जात नाही.* सांडपाण्याचा पाइप दुमडला आहे का ते आधी पाहावे. पुढून दार असलेल्या बहुतेक मशीनमध्ये खाली एक छोटे झाकण असते, त्यामागे पंपाचा फिल्टर. खाली परात ठेवून तो हळूहळू सैल करावा, म्हणजे पाणी एकदम अंगावर येत नाही. आमच्या फिल्टरमधून एक रुपयाचे नाणे आणि केसांची क्लिप निघाली. हाच तो सारा बिघाड!

*मशीन थडथडते.* चारही पाय जमिनीला टेकले आहेत का ते पाहावे. एकटी जड चादर एका बाजूला गोळा झाली तरी असे होते. नव्या मशीनची वाहतुकीसाठी लावलेली नट-बोल्ट काढायची राहून गेली, असेही घडते.

*फेस फार होतो, कपडे पिळले जात नाहीत.* साबणाची पावडर कमी करावी.

येथे थांबावे

जळका वास, ठिणगी, काळा पडलेला प्लग, तळातून गळून तारांकडे जाणारे पाणी किंवा झिणझिण्या, यांपैकी काहीही दिसले तर मशीन वापरू नये, जाणकार माणसालाच बोलवावे. मागचा पत्रा घरी उघडू नये. आतील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठलेली असू शकते. ड्रायर पूर्ण थांबल्याशिवाय आत हात घालू नये.

कोणाला विजेचा धक्का बसलाच तर त्या व्यक्तीला ओढू नये. आधी मेन स्विच बंद करावा, मग १०८ वर फोन करावा.

थोडे गणित

पाणी तापवणारे मशीन सुमारे २००० वॉट घेते. २००० ला २३० व्होल्टने भागले तर जवळपास ९ अँपिअर येतात. ६ अँपिअरचे सॉकेट किंवा साधा एक्स्टेंशन बोर्ड हे कसे सोसणार? त्याला १६ अँपिअरचे सॉकेटच हवे. शक्य असल्यास घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यावी. वीज गळू लागताच ती क्षणात पुरवठा तोडते.

आमच्याकडे इलेक्ट्रिशियनने नवा प्लग बसवला आणि बोर्डाचे अर्थिंगही तपासले. ते आता ठीक आहे. झिणझिण्या थांबल्या. आईने फक्त एवढेच म्हटले, "मी सांगत होते ना!" त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

विद्यार्थ्यांना या रविवारचा गृहपाठ: पालकांना सोबत घेऊन, बटन बंद करून, घरातील फ्रिज, गीझर, मिक्सर आणि वॉशिंग मशीन यांचे प्लग पाहा. तीन पिनांच्या जागी दोनच कोठे आहेत, ते वहीत लिहून आणा. आणि घरातले कोणी 'झिणझिण्या येतात' म्हणाले, तर आमच्यासारखे हसण्यावारी नेऊ नका.

— मुख्याध्यापक