आवाज केव्हा येतो?

पांदणीवरची यंत्रे : लेखांक ७

ट्रान्सफर केस इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना कशी पोचवते, ते मागच्या लेखांकात पाहिले. आज पुढच्या ॲक्सलकडे वळू. गुरुकुंज मोझरीच्या परिसरात फोर बाय फोर पिकअपला एकाच दिवसात दोन तऱ्हेच्या जमिनींवर चालावे लागते : नागपूर-अमरावती महामार्गाचा टणक रस्ता आणि तो सोडताच लागणारी काळ्या मातीची पांदण. पावसाळ्यात ही माती फुगते, चिकटते आणि चाकांच्या आतल्या बाजूला थापली जाते; वाळली की तिचीच कडक ढेकळे होतात. अशा गाडीचा पुढचा ॲक्सल कधीतरी वाजू लागणारच. तेव्हा बहुतेक जण आवाज कुठून येतो याचा शोध घेतात. माझे म्हणणे असे की, आधी तो केव्हा येतो हे ठरवावे.

याचे कारण लोखंडाच्या गुणधर्मात आहे. पोलादातून ध्वनी हवेपेक्षा सुमारे पंधरापट वेगाने जातो आणि फारसा न विरता दूरवर पोचतो. म्हणून डाव्या चाकाचे बेअरिंग घरघरले तरी आवाज उजव्या पायाखालून आल्यासारखा वाटू शकतो. जागेबाबत कान फसतो. वेळेबाबत सहसा फसत नाही, कारण प्रत्येक भागावर ताण येण्याची परिस्थिती वेगळी असते. बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी लगेच थांबत नाही. वेगात गाडी किंचित डावीकडे वळवल्यावर ती वाढली, तर संशय उजव्या बेअरिंगवर घ्यावा, कारण त्या क्षणी भार उजवीकडे झुकतो. क्राउन-पिनियनची शीळ मात्र ॲक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना दुसरी असते, कारण दात्यांची भार घेणारी बाजूच बदलते. पूर्ण स्टिअरिंग वळवून फोर-व्हीलमध्ये जोर दिल्यावर कटकट येत असेल, तर सीव्ही जॉइंटच्या गोळ्यांनी आपल्या खोबणी झिजवलेल्या असतात. गाडी उचलताना किंवा रिव्हर्स टाकताना एकच ठोका बसला, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस पाहावा. आणि स्टिअरिंग सरळ असतानाही केवळ खड्ड्यात आदळल्यावर वाजत असेल, तर बॉल जॉइंट व सस्पेन्शनचे बुश आधी तपासावेत.

या पद्धतीची खरी ताकद हब-लॉक असलेल्या गाडीत दिसते. गिअर टू-व्हीलमध्ये ठेवून दोन्ही हब ‘फ्री’ केले की चाके फिरतात. पण आतले शाफ्ट, डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट जवळजवळ थांबतात. म्हणजे एकही नट न खोलता अर्धी यंत्रणा गप्प करता येते. आवाज तरीही चालू राहिला, तर उरतात बेअरिंग, ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन. आवाज बंद झाला, तर दोष थांबलेल्या भागांत किंवा हबच्या अर्धवट बसणाऱ्या दात्यांत शोधावा. बऱ्याच नव्या गाड्यांत असे हब नसतात, हा आक्षेप खरा आहे. तिथे हे भाग टू-व्हीलमध्येही फिरत राहू शकतात. पण त्यांच्यावरचा ओढण्याचा भार उतरतो. त्यामुळे तुलना कमी स्पष्ट होते, तरी निरुपयोगी ठरत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक आवाज म्हणजे बिघाड नव्हे. पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असलेली गाडी मागचा ॲक्सल ५ मीटर त्रिज्येवर ठेवून वळली, तर पुढचा ॲक्सल सुमारे ५.८ मीटर त्रिज्येवरून जातो. म्हणजे त्याला सुमारे सतरा टक्के जास्त अंतर कापावे लागते. मधला डिफरन्शियल नसलेल्या गाडीत मात्र फोर-व्हील लावल्यावर दोन्ही प्रोपेलर शाफ्ट बांधलेले असतात. चिखलात चाक घसरून हा फरक फेडते. टणक रस्त्यावर ते अडते, झटके देते आणि ठोकते. तिथे भाग बदलण्याआधी फोर-व्हील काढावी. म्हणूनच वळणावरची परीक्षा रिकाम्या, मातीच्या मैदानातच घ्यावी.

जाणता मिस्त्री नुसत्या कानाने दोष ओळखतो, मग मालकाने एवढे कशाला करायचे, असेही कुणी विचारील. त्या कानाचा मान राखूनच सांगावेसे वाटते की, मिस्त्रीचा अनुभव म्हणजे अशाच शेकडो परिस्थितींची आठवण आहे. आणि पांदणीत भरल्या गाडीने केलेला आवाज गॅरेजमध्ये रिकाम्या गाडीने केलाच पाहिजे असे नाही. ती परिस्थिती फक्त चालवणाऱ्याला माहीत असते. गावाने आपल्या कामाचे ज्ञान स्वतः मिळवावे, असा आग्रह तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त धरला. वेग किती होता, वळण कोणते, ॲक्सिलरेटर दाबलेला की सोडलेला, आणि गिअर टू-व्हीलचा की फोर-व्हीलचा, या चार गोष्टी वहीत लिहून नेणे हे त्याच ज्ञानाचे साधे रूप आहे. एवढी नोंद हाती असली की मिस्त्री चांगला भाग उगीच खोलत नाही आणि मालकही न बिघडलेल्या भागाचे पैसे भरत नाही.

पुढच्या आठवड्यात : चिखल सीव्ही जॉइंटपर्यंत पोचू न देणारा रबरी बूट फाटतो कसा, आणि तो वेळेवर कसा ओळखावा.