लघवीची नळी आणि ओटीपोटातली कळ

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर घातलेली लघवीची नळी मूत्राशयात एका छोट्या फुग्याने अडकवलेली असते. त्या फुग्यात निर्जंतुक पाणी असते. हा फुगा मूत्राशयाच्या आतल्या भागाला टोचत राहिला की त्याचा स्नायू एकदम आवळतो. मग ओटीपोटात कळ येते, लघवीची जोराची भावना होते आणि कधी नळीच्या बाजूने लघवी झिरपते. नळी घातल्यावर सुरुवातीला असे अनेकांना होते.

कळ आली तर कुंथू नका. आधी नळीला पीळ पडला आहे का, ती ताणली गेली आहे का, हे पाहा. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा आणि पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवा. बद्धकोष्ठतेने कळा वाढतात; चहा-कॉफीनेही काहींचा त्रास वाढतो. पाणी किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारा. गरज भासल्यास ते स्नायू सैलावणारी ऑक्सिब्युटिनिनसारखी गोळी देतात. तिने तोंड कोरडे पडू शकते.

पिशवीत लघवी उतरणे थांबले, थंडी वाजून ताप आला किंवा रक्ताच्या गाठी दिसल्या, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. फुगा रिकामा न करता नळी ओढल्यास मूत्रमार्गाला इजा होते, म्हणून ती स्वतः कधीही ओढू नका.