दोन ट्रॅकपासून दहा बाय बाराच्या खोलीपर्यंत : रॉक अल्बमची घडण

संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये पाठीला गिटार अडकवलेला मुलगा दिसतो. गर्दी त्याच्याकडे जरा रागानेच बघते, कारण गिटारला माणसाएवढीच जागा लागते. त्याला विचारले तर तो सांगतो, ‘आमचा बँड आहे, अल्बम करतोय.’ ऐकणारा मान डोलावतो. कादंबरी लिहितोय, नाटक बसवतोय म्हटले की त्यामागचे कष्ट आपल्या डोळ्यांसमोर येतात. अल्बम करतोय म्हणजे नेमके काय करतोय, हे मात्र आपल्याला सहसा ठाऊक नसते. चार जण वाजवतात, कोणीतरी ते टिपून घेतो, एवढीच आपली कल्पना. ती एके काळी बऱ्याच अंशी खरी होती. आज ती का खरी राहिलेली नाही आणि तरीही वसई-विरारकडची पोरे या उद्योगात का पडतात, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

कलकत्त्याहून आलेले यंत्र

सुरुवात मुंबईपासूनच करू. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित करायला मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आला. त्याच्यासाठी दोन ट्रॅकचे स्टीरिओ यंत्र भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेने आणले. हेच मेनन पुढे ईएमआयच्या जागतिक कारभाराचे प्रमुख झाले. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खाँ अशी मंडळी या कामात होती. याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचा वाद्यभागही मुद्रित झाला. त्यावरचे गायन हॅरिसनने नंतर लंडनमध्ये केले.

ही तपशिलाची गोष्ट वाटेल, पण सगळ्या विषयाची किल्ली तिच्यात आहे. ट्रॅक म्हणजे फितीवरची स्वतंत्र पट्टी. दोनच पट्ट्या असतील तर सगळ्या वादकांनी एका वेळी, एका खोलीत, न चुकता वाजवायचे. कोण मायक्रोफोनच्या जवळ बसेल आणि कोण मागे, यावरच आवाजांचा तोल ठरायचा. नंतर सतार कमी आणि तबला जास्त करण्याची सोय नव्हती. पण वाद्ये मुंबईत आणि गळा लंडनमध्ये, अशी फाळणी झाली तेव्हाच ध्वनिमुद्रण हे ‘घडलेल्या मैफलीचे छायाचित्र’ उरले नव्हते. ती जोडकामाची कला होऊ लागली होती. त्याआधीच्याच वर्षी बीटल्सनी ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम चार ट्रॅकच्या यंत्रांवर, एका फितीवरून दुसरीवर थर चढवत, रचला होता.

१९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले. आपली दोन गाणी त्यांनी इथल्या वादकांसह मुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडले. मुंबईच्या वादकांनी रॉकच्या इतिहासात हजेरी लावली, ती बहुतेक अशी पाहुण्यांच्या कामात.

स्वतःची गाणी

मग इथल्या बँडचे काय? १९७० आणि १९७१ मध्ये सिगारेट कंपनीने भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धांतून देशभरच्या बँडच्या तबकड्या निघाल्या. मुंबईच्या ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’चा ‘ऑब्सेशन ७७’ हा अल्बम बाहेर आला तो १९८१ मध्ये. पण हॉटेलांत आणि महाविद्यालयांच्या महोत्सवांत श्रोत्यांना हवी असायची ती परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल. स्वतःचे गाणे म्हणजे लोक उठून चहा प्यायला जाण्याची वेळ.

हे चित्र बदलण्यात १९८४ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या ‘रॉक मशीन’चा मोठा वाटा आहे. उदय बेनेगल यांचा गळा आणि महेश तिनईकर यांची गिटार ही या बँडची ओळख. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८) आणि ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) हे त्यांचे स्वतःच्या गाण्यांचे अल्बम. पुढे त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. त्या नावाचा अल्बम १९९५ मध्ये आला आणि १९९७ मध्ये बँड थांबला. धोबी तलावच्या रंगभवनात ज्यांनी त्या काळी रॉकच्या रात्री जागवल्या, त्यांना हा हिशेब तोंडपाठ असेल. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांत रंगभवनाचाही आवाज बंद झाला.

इंडस क्रीड २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा अल्बम निघाला. आधीच्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी. त्याचे मिश्रण टिम पामर यांनी केले. ‘पर्ल जॅम’चा ‘टेन’ ज्यांच्या हातून गेला तेच हे पामर. मुंबईचा बँड, मिश्रण अमेरिकेत, आणि मधल्या अंतरात फितीऐवजी फायली. कलकत्त्याहून यंत्र रेल्वेने आणण्याची गरज आता कोणालाच उरली नव्हती. मात्र अडचणी संपल्या नाहीत, त्यांनी फक्त जागा बदलली.

समजा, नालासोपाऱ्यातली चार मुले

या बदललेल्या अडचणी समजण्यासाठी समजा, की नालासोपाऱ्यातली चार मुले अल्बम करायला निघाली आहेत. ड्रम, बास, गिटार आणि गायन. दहा गाणी तयार आहेत आणि एक दहा बाय बारा फुटांची खोली आहे.

पहिले काम म्हणजे कच्चे मुद्रण. गाण्याचा वेग ठरवून संगणकाला एक टिकटिक द्यायला सांगतात. तिला क्लिक म्हणतात. तबलावादकाला लेहरा जसा आधार देतो, तसा हा आधार, पण लेहरा माणूस वाजवतो आणि माणसाकडे बघून हलतो. क्लिक हलत नाही. ध्रुपद आले की उत्साहात वेग वाढवायची सवय असलेल्या ड्रमरला ही टिकटिक फार छळते. ती का सोसायची? कारण पुढे सगळी वाद्ये वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी मुद्रित व्हायची आहेत आणि सगळ्यांना बांधणारा तोच एक धागा आहे.

दुसरे काम ड्रमचे, आणि सगळ्यांत खर्चिक तेच. खालचा मोठा ड्रम, स्नेअर, टॉम, झांजा, वरून सगळ्यांचा एकत्र आवाज टिपणारे दोन, असे आठ-दहा मायक्रोफोन लागतात. शिवाय खोली मोठी हवी, कारण ड्रमच्या आवाजात खोलीचा आवाज मिसळलेला असतो. लेड झेपलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधला तो अवाढव्य ड्रम इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली मुद्रित झाला. वर जिन्यात फक्त दोन मायक्रोफोन लटकवले होते. नालासोपाऱ्यातल्या सोसायटीच्या जिन्यात हा प्रयोग एकदाच करता येईल. म्हणून बँड स्टुडिओ एक-दोन दिवसांसाठी भाड्याने घेतात, त्यात फक्त ड्रम उरकतात आणि बाकीचे घरी आणतात.

घरी गिटारची तार सरळ एका छोट्या पेटीतून संगणकात जाते. ॲम्प्लिफायरचा गुरगुराट संगणक घडवतो, शेजाऱ्यांना फक्त तारांची किणकिण ऐकू येते. बासही तसाच. पण ऐकताना खोली आपला हात दाखवते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. बारा फूट म्हणजे साधारण ३.६६ मीटर. एवढ्या अंतराच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा आवाज अडकून घुमतो. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची असते. म्हणजे तिच्यावरचे एक-दोन स्वर सोडले की लगेच घुमणारा स्वर येतो. ऐकणाऱ्याला वाटते, बास फार मोठा झाला. तो कमी करतो. मग तेच गाणे मित्राच्या गाडीत लावले तर बास गायब. दोष वादकाचा नसतो, भिंतीचा असतो. गाद्या, रजया, पुस्तकांची कपाटे रचून मुले भिंतीशी तह करतात, पण इतका खालचा आवाज रजईला दाद देत नाही. म्हणून केलेले काम हेडफोनवर, मोबाइलवर, रिक्षातल्या स्पीकरवर, जिथे मिळेल तिथे ऐकून तपासावे लागते. पावसाळ्यात तर पत्र्यावरचा पाऊस गायकाच्या प्रत्येक ओळीत साथ करतो. त्यामुळे गायनाचे काम बहुधा रात्री उशिरा, शेवटची लोकल गेल्यावर.

तिसरे काम मिश्रणाचे. इथे पन्नास-साठ ट्रॅक सहज होतात आणि सगळे एकाच दारातून घुसू पाहतात. ‘स’, ‘श’ यांचे घर्षण साधारण पाच ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. झांजांचा लखलखाटही तिथेच. शब्द कळायला हवे असतील तर झांजेला मागे सरायला सांगावे लागते. संपादक जसा चांगला परिच्छेदही काढून टाकतो, तसे मिश्रण करणारा चांगली वाजलेली गिटार दाबतो. बँड इथेच भांडतात. सगळ्यांत शेवटी मास्टरिंग. यात दहा गाण्यांची पातळी आणि पोत जुळवून ती एका कुटुंबातली वाटतील असे केले जाते.

शब्द कुठल्या भाषेचे?

भाषेचा प्रश्न यंत्रापेक्षा अवघड आहे. मुंबईच्या रॉकची भाषा दीर्घकाळ इंग्रजीच राहिली. साहिल मखिजा यांच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या मेटल बँडने २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गाणी, शब्द इंग्रजी. आम्हा या भागातल्या लोकांना त्यातली दोन नावे अधिक जवळची. परशुरामाशी ज्या शूर्पारकाचे नाव परंपरेने जोडले, ते आजचे सोपारे. आणि बुद्धाचा स्तूपही सोपाऱ्यातच, बुरूड राजाच्या कोटात. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तो उजेडात आणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला आणि नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावला. विषय इतका घरचा असताना शब्द मात्र परके, ही आपल्या रॉकची जुनी कोंडी आहे.

ती फुटत नाही याचे कारण न्यूनगंड एवढेच नाही. रॉकचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आदळतो आणि इंग्रजीतले एकाक्षरी, आघाती शब्द त्यावर खिळ्यासारखे बसतात. मराठीत आघात सौम्य, शब्द लांब आणि शेवट बहुधा दीर्घ स्वरात. इंग्रजी चालीवर मराठी शब्द चिकटवले की ते हास्यास्पद वाटतात, ते यामुळे.

मात्र आपल्याकडे याचे उत्तर आधीच आहे. मोठ्या अभंगाचा चरण सहा अक्षरांचा, शेवटचा चार अक्षरांचा. भजनी ठेका आठ मात्रांचा. एका अक्षराला एक मात्रा दिली तर सहा अक्षरांनंतर दोन मात्रा मोकळ्या उरतात. वारकरी तिथे टाळ भरतो, रॉक बँड तिथे गिटारचे उत्तर भरू शकतो. आठ मात्रा म्हणजे रॉकचे चार-चारचे दोन घास. ‘अभंग रिपोस्ट’सारख्या मुंबईच्या बँडने संतांचे अभंग गिटार-ड्रमच्या साथीने उभे केले आणि ते तरुण श्रोत्यांना उपरे वाटले नाहीत, यामागे हे गणितही आहे. छंद आतून चालत आला, बाहेरून लादावा लागला नाही.

वसईकडे तर याहून मोठा साठा आहे. सामवेदी (कुपारी) आणि वाडवळी या बोली इथे घराघरांत जिवंत आहेत. लग्नांत ब्रास बँड वाजतो, चर्चच्या गायनवृंदात मुले लहानपणापासून सुरांचे थर ऐकतात. एकाच वेळी दोन-तीन स्वरांनी गाण्याची ही सवय रॉकला फार उपयोगाची. इथल्या मुलाला ड्रम आणि ट्रम्पेट परके नाहीत, आजीची बोलीही परकी नाही. प्रश्न फक्त दोन्ही एका गाण्यात आणण्याच्या धिटाईचा.

अल्बमच का?

आता शेवटचा आणि खरा प्रश्न. आज गाणी एकेकटी ऐकली जातात. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की एक वेळ मोजली जाते. मग दहा गाण्यांचा घाट कशाला? अल्बमची लांबीही कोणा कलावंताने ठरवलेली नाही. १९४८ मध्ये आलेल्या लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावत, त्यातून ती आली. तबकडी गेली तरी घाट उरला. कारण मधल्या काळात लोकांना एक गोष्ट कळली होती : गाण्यांचा क्रमही बोलतो. कवितासंग्रह लावणाऱ्याला हे सांगायला नको. पाचवी कविता चौथीमुळे वेगळी वाचली जाते.

दुसरे कारण हक्काचे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराच्या रॉयल्टीतला वाटा सहजासहजी सोडून देता येणार नाही अशी तरतूद केली. पण शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. अल्बम करायला बसले की चौघांना हे कागदावर आणावेच लागते : चाल कोणाची, शब्द कोणाचे, पैसे कोणी घातले. अनेक बँड सुरांवरून मोडत नाहीत, या न लिहिलेल्या कागदावरून मोडतात.

आणि तिसरे कारण लोकलमधल्या त्या मुलाचे. बँडचे आयुष्य लहान असते. कोणाला नोकरी लागते, कोणी परदेशी जातो, कोणाचे लग्न होते. मंचावर वाजवलेले हवेत जाते. इंडस क्रीडला तेरा वर्षांनी परतावे असे वाटले, तेव्हा परतण्यासारखे काहीतरी मागे होते, कारण त्यांनी वेळेवर तीन अल्बम करून ठेवले होते. नालासोपाऱ्यातल्या चौघांचा अल्बम कदाचित दोनशे लोक ऐकतील. पण त्यात या गावाची पावसाची रात्र, ती खोली, ती बोली आणि त्या चौघांचे एकत्र असणे टिकून राहील. म्हणून गर्दीत ती गिटार पाठीला टोचली तर थोडे सरकून घ्यावे.