मदत-कक्षातील पहिली पायरी

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा क्षेत्रातील कंपनीने धाडलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबले, आणि विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंतचे व्यवहार खोळंबले. त्यांतील असंख्य यंत्रांची दुरुस्ती दुरून एका आज्ञेने होण्याजोगी नव्हती. प्रत्येक संगणक ‘सेफ मोड’मध्ये चालू करून त्यातील विवक्षित फाइल काढून टाकावी लागे, आणि डिस्क कूटबद्ध असल्यास तत्पूर्वी ४८ आकडी किल्ली एकही अंक न चुकता भरावी लागे. ताटकळून संतापलेल्या माणसाला ते अंक दूरध्वनीवरून एकेक करून सांगण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, त्यांत हेल्पडेस्कवरील ‘एल-वन’ची मंडळी, म्हणजे या उद्योगाच्या उतरंडीत सर्वांत खाली असलेली, बहुधा नुकतीच पदवी घेतलेली मुले-मुली, अग्रभागी होती.

हिंजवडी, खराडी वा नवी मुंबईतील काचेच्या इमारतींत अशी सहस्रावधी मुले बसतात. पासवर्ड विसरला, प्रिंटर चालेना, व्हीपीएन जोडले जाईना, अशी जी तक्रार येईल तिचे तिकीट बनते. तिकिटाला प्राधान्यक्रम मिळतो, आणि ‘एसएलए’ नामक कराराने मुकर्रर केलेल्या मुदतीचे घड्याळ त्याच क्षणी चालू होते. मुदत टळली की जाब एल-वनला विचारला जातो. परंतु बिघाडाचे मूळ सर्व्हरमध्ये वा नेटवर्कमध्ये असेल, तर तेथे हात घालण्याचा अखत्यार त्याला नसतो. तिकीट ‘एस्कलेट’ करून, वरच्या चमूकडून उत्तर येईतो, ग्राहकाची समजूत सौजन्याने काढीत राहणे एवढेच त्याच्या हाती उरते. कामाची मागणी मोठी आणि त्या कामावरील स्वतःचे नियंत्रण अल्प, असा योग जेथे जुळतो तेथे मानसिक ताण सर्वाधिक असतो, असे रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी संशोधकाने १९७९ मध्येच मांडले होते. नवखा आहे, जरा रुळला की सवय होईल, असे म्हणून या मुलांची बोळवण करणाऱ्या वरिष्ठांनी ते प्रतिपादन अवश्य वाचावे, असे मला कळकळीने वाटते. अलीकडे सोपी तिकिटे चॅटबॉटकडे जातात आणि माणसाकडे उरतात ती किचकट. मग प्रत्येक तिकिटास किती मिनिटे लागावीत याचा जुना हिशेब तसाच का ठेवायचा?

त्यात अमेरिकी ग्राहकांसाठीच्या रात्रपाळीची भर पडते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात; तेथील दप्तर सुटेपर्यंत येथे पहाट जवळ येते. रात्रपाळीचे काम कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या बाबींत गणावे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ मध्ये दिला आणि २०१९ मध्ये तो कायम ठेवला.

आणि मोबदला? २०२४ च्या ऑगस्टमध्ये कॉग्निझंटच्या वार्षिक २.५२ लाखांच्या नोकरीची जाहिरात समाजमाध्यमांवर टीकेचा विषय झाली; ते वेतन अभियंत्यांसाठी नसून तीन वर्षांच्या पदवीधरांसाठी आहे, असा खुलासा कंपनीने केला. त्या खुलाशाने माझे तरी समाधान झाले नाही, कारण हेल्पडेस्कवर येणाऱ्यांत बीएस्सी आणि बीसीए झालेली मुले पुष्कळ असतात. २.५२ लाख म्हणजे महिना २१ हजार. ‘सीटीसी’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या रकमेत मालकाचा भविष्यनिर्वाह निधीतील हिस्सा आणि पुष्कळदा ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते, आणि नियमित नोकरीत ग्रॅच्युइटी सामान्यतः पाच वर्षे पुरी झाल्यावरच मिळते. त्यानंतर मुलाच्या स्वतःच्या हिश्शाची वजावट आणि व्यवसाय कराचे बहुतेक महिन्यांत २०० रुपये जातात. जे उरते त्यातून नांदेडहून वा जळगावहून आलेल्या मुलाने पुण्यात खोलीभाडे भरायचे, मेसचे पैसे द्यायचे आणि घरीही काही धाडायचे.

वेतन इतके तोकडे राहण्याचे कारण केवळ उमेदवारांची गर्दी हे नव्हे. मूळ ग्राहक काम एका मोठ्या कंपनीला देतो, ती पुष्कळदा मनुष्यबळ पुरविणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडून माणसे घेते, आणि दर तिकिटामागे किंवा दर माणशी ठरलेल्या रकमेतून प्रत्येक टप्प्यावर नफा वळता होत होत शेवटचा अंश त्या मुलाच्या खात्यात पडतो. निविदा जिंकण्यासाठी दर उतरविला जातो तेव्हा त्याची झळ त्याच अंशाला सर्वांत आधी लागते.

म्हणून सुधारणेचा आरंभ करारापासून व्हावा. रात्रीच्या तासांचा वाढीव दर त्यातच नमूद असावा, किरकोळ दुरुस्त्यांचा अखत्यार एल-वनला मिळावा, आणि एल-टू होण्याची मुदत नेमणूकपत्रात लिहून द्यावी. तोवर मुलाखतीस जाणाऱ्याने, आणि त्याच्या आईवडिलांनीही, नेमणूक कोणत्या कंपनीच्या पेरोलवर आहे, हाती किती पडणार, पाळ्या कशा बदलतात आणि रात्री घरी पोहोचविण्याची सोय आहे की नाही, हे संकोच न करता विचारावे आणि उत्तरे लेखी मागून घ्यावीत.